मंडळी सोडल्यानंतरचे गाणे

२००८ साली एक ध्वनिमुद्रिका बाजारात आली. एकाच ध्वनिमुद्रिकेच्या मथळ्यात दोन नावे होती. पहिले नाव ‘अंतराग्नी’ आणि दुसरे ‘द रघु दीक्षित प्रोजेक्ट’. पहिले नाव बंगळूरच्या एका वाद्यमंडळीचे होते; ती मंडळी त्या वेळी अस्तित्वात राहिलेली नव्हती. दुसरे नाव त्या मंडळीत गाणाऱ्या माणसाचे होते. एकत्र कुटुंबातून वेगळ्या निघालेल्या भावाने नवे घर बांधावे आणि त्याच्या दारावर आपल्या नावाआधी जुन्या वाड्याचे नाव कोरून घ्यावे, तसा हा प्रकार होता. रॉक संगीताच्या जगात नामांकित मंडळी सोडून बाहेर पडलेल्या कलावंताच्या पहिल्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेला एक विशेष स्थान असते. ती ऐकताना श्रोत्यांच्या मनात एकच प्रश्न असतो : मंडळीचे जे गाणे आम्हांला आवडत होते, ते मुळात कोणाचे होते? ह्या प्रश्नाचा विचार आज त्या एका ध्वनिमुद्रिकेच्या आधाराने करावयाचा आहे.

मराठी माणसाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. १९०८ साली केशवराव भोसले स्वदेशहितचिंतक मंडळीतून बाहेर पडले आणि हुबळीस त्यांनी ललितकलादर्श ही आपली मंडळी काढली. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून निघाले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. त्या काळच्या रसिकांची चर्चा आठवून पाहावी. पदे तीच, गळा तोच. मग किर्लोस्करांकडे काय उरले, आणि गंधर्वांनी बरोबर काय नेले? नाटक मंडळीचे वैभव एका नटाच्या गळ्यात असते, की पेटीवाल्याच्या बोटांत, पडद्यांत, मालकाच्या हिशेबात आणि वर्षानुवर्षांच्या सहवासातून जुळून आलेल्या त्या न सांगता येणाऱ्या मेळात असते? ह्याचे उत्तर कोणी आधी देऊ शकत नाही. नट बाहेर पडतो आणि पहिला प्रयोग लागतो, तेव्हाच ते कळते. रॉक संगीतातील पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका म्हणजे हा पहिला प्रयोगच होय.

आता ज्यांनी हे संगीत फारसे ऐकलेले नाही, त्यांच्यासाठी बँड म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. आपल्या मैफलीत गायक हा मुख्य असतो आणि साथीदार बदलले तरी मैफल त्याच गायकाची राहते. चित्रपटाच्या गाण्यात कवी, संगीतकार, वादक आणि गायक हे चौघे चार ठिकाणचे असतात. गाणे झाले की आपापल्या घरी जातात. बँडची रीत ह्या दोहोंहून निराळी आहे. चारपाच तरुण एकत्र येतात, एकाच खोलीत रोज तालीम करतात, गाणी स्वतःच लिहितात, स्वतःच चाली लावतात आणि स्वतःच वाजवतात. एकाने चार ओळी आणाव्यात, दुसऱ्याने गिटारवर त्यांना वळण द्यावे, तिसऱ्याने तालाची अशी काही गंमत करावी की मूळ चालच बदलून जावी. शेवटी जे गाणे होते त्यात कोणाचा वाटा किती, हे वाजवणाऱ्यांनाही नेमके सांगता येत नाही. मंडळी सुखात असते तोवर हा हिशेब कोणी मागत नाही. ती मोडते, तेव्हा मात्र वाटणीचा प्रश्न उभा राहतो. गाण्यांचे हक्क कागदावर वाटून घेता येतात. नाद वाटून घेता येत नाही.

१९७० साली इंग्लंडमधील बीटल्स ही जगप्रसिद्ध मंडळी मोडली, त्या वर्षी ह्या वाटणीचे सगळे प्रकार एकदम पाहावयास मिळाले. पॉल मकार्टनी ह्यांनी घरी चार पदरांचे ध्वनिमुद्रणयंत्र आणले आणि जवळजवळ सर्व वाद्ये स्वतः वाजवून ध्वनिमुद्रिका काढली. तिला नाव दिले नुसते आपले आडनाव. जॉर्ज हॅरिसन ह्यांची गोष्ट वेगळी. मंडळीत लेनन आणि मकार्टनी ह्या दोघांच्या गाण्यांचीच इतकी दाटी असे, की हॅरिसन ह्यांच्या गाण्यांना एखाददुसरी जागा मिळे. ती साठलेली गाणी त्यांनी बाहेर पडताच काढली, तेव्हा त्यांच्या एकट्याच्याच तीन तबकड्या भरल्या. पुढे १९७५ मध्ये पीटर गेब्रिएल ह्यांनी जेनेसिस ही मंडळी सोडली आणि १९७७ मध्ये आपली पहिली ध्वनिमुद्रिका काढली. तिला निराळे नावच दिले नाही, गायकाचे नाव तेच मुद्रिकेचे. जणू जुन्या पाटीची सावलीसुद्धा नको होती.

ह्यातला चार पदरांच्या यंत्राचा उल्लेख थोडा उलगडून सांगितला पाहिजे, कारण एकट्याने ध्वनिमुद्रिका काढणे शक्य झाले ते त्यामुळे. जुन्या काळी गायक आणि साथीदार एकाच ध्वनिक्षेपकाभोवती उभे राहत आणि सर्वांचा आवाज एकदमच मुद्रित होई. एकजण चुकला की सर्वांनी पहिल्यापासून आरंभ करावयाचा. पुढे अशी ध्वनिफीत निघाली की तिच्या रुंदीवर शेजारीशेजारी अनेक पट्टे असत आणि प्रत्येक पट्ट्यावर निराळा आवाज निराळ्या वेळी भरता येई. सोमवारी ताल वाजवावा, मंगळवारी तो कानांत ऐकत गिटार वाजवावी, बुधवारी ह्या दोहोंवर गावे. मग एकच माणूस सर्व वाद्ये वाजवू शकतो, किंवा एकमेकांना कधीही न भेटलेले दहा वादक एका गाण्यात सुखाने नांदू शकतात. आपल्या गोव्यातही ह्याचे एक चांगले उदाहरण आहे. रेमो फर्नांडिस मुंबईला वास्तुकला शिकत असताना तेथल्या ‘सॅव्हेजेस’ ह्या मंडळीत वाजवीत असत. पुढे १९८४ साली त्यांनी शिवोलीच्या आपल्या घरी अशाच चार पदरांच्या यंत्रावर ‘गोअन क्रेझी’ ही ध्वनिफीत एकहाती तयार केली. पॉल मकार्टनींना लंडनच्या घरी जे साधले, ते चौदा वर्षांनी गोव्याच्या खेड्यातही साधू लागले होते. आता तर संगणकामुळे पदरांची गणतीच उरलेली नाही.

परंतु यंत्र मिळाले म्हणून एकटेपण सोपे होते असे नाही. खोलीतले चौघे जण एकमेकांना अडवीत असतात. ‘हे कडवे लांबले’, ‘ही चाल कोठेतरी ऐकल्यासारखी वाटते’ असे तोंडावर सांगणारे कोणीतरी असते. बाहेर पडलेल्याला हवे ते करण्याचे स्वातंत्र्य मिळते आणि नको ते थांबवणारा मात्र जवळ राहत नाही. म्हणूनच पहिल्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिका पुष्कळदा पसरट होतात. हे ध्यानात ठेवून आपण बंगळूरकडे वळू.

रॉक संगीताला हिंदुस्थानात जी थोडी गावे मानवली, त्यांत मुंबई, कलकत्ता आणि शिलाँग ह्यांच्या जोडीला बंगळूरचे नाव घ्यावे लागते. ह्याला जुने कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, श्रीरंगपट्टण पडल्यानंतर, इंग्रजांनी तेथे लष्करी छावणी वसवली. त्यामुळे बंगळूर ही खरी तर दोन गावे होती. एक किल्ला, पेठ आणि देवळे ह्यांचे कन्नड गाव. दुसरे पलटणी, चर्च, नाचघरे आणि बँडस्टँड ह्यांचे छावणीचे गाव. १९४९ साली दोहोंची मिळून एक नगरपालिका झाली, तरी कानांची ही फाळणी पुष्कळ दिवस टिकली. छावणीच्या बाजूला ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन घरांत पियानो आणि गिटार होती. तेथल्या तरुणांनी १९७०च्या दशकात ‘ह्यूमन बाँडेज’सारख्या मंडळ्या काढल्या. पेठेच्या बाजूला कर्नाटक संगीताच्या सभा आणि रामनवमीचे मंडप होते. दोन्हीकडचे रसिक एकमेकांच्या वाटेला फारसे जात नसत. पुढे विद्यालयांचे उत्सव वाढले, संगणक-उद्योगामुळे देशभरातून तरुण तेथे आले, त्यांच्या हाती पैसा आणि संध्याकाळचा वेळ आला. १९९६ पासून दर स्वातंत्र्यदिनाला होऊ लागलेल्या ‘फ्रीडम जॅम’सारख्या मेळाव्यांत नवख्या मंडळ्यांना उभे राहावयास जागा मिळाली. २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स आणि २००७ मध्ये आयर्न मेडन ह्या इंग्लंडच्या मंडळ्या तेथे येऊन गाऊन गेल्या. तरीदेखील बंगळूरच्या बहुतेक मंडळ्यांची भाषा इंग्रजीच होती. ह्या गावातील बँड कन्नडमध्ये गाईल, हे कोणाच्या फारसे मनात आले नव्हते.

ही गोष्ट जे थोडे लोक करू लागले त्यांत रघु दीक्षित होते. त्यांचे पूर्ण नाव रघुपती द्वारकानाथ दीक्षित. जन्म १९७४ सालचा, आणि तोही नाशिकचा. पण ते वाढले म्हैसूरला. लहानपणापासून ते भरतनाट्यम् शिकले आणि त्यात पारंगत झाले. म्हैसूर विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्राची एम.एस्सी. त्यांनी सुवर्णपदकासह मिळवली. गिटार हाती आली ती कॉलेजातील एका पैजेमुळे. मुलगा असून नाचतो म्हणून एका गिटारवाल्या सोबत्याने हिणवले, तेव्हा दोन महिन्यांत गिटार शिकून दाखवतो असे ते म्हणाले आणि शिकले. ही हकीकत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. पैजेने हाती घेतलेली वाद्ये सहसा पैज संपल्यावर कोपऱ्यात जाऊन पडतात. ही पडली नाही. शिक्षणानंतर औषधनिर्मितीच्या क्षेत्रातील नोकरीने त्यांना बेल्जियममध्ये नेले. तेथल्या एका नभोवाणी केंद्रावरून त्यांची गाणी ऐकवली गेली, आणि परक्या देशातील अनोळखी माणसांना आपले गाणे आवडू शकते हे पाहून त्यांनी नोकरीपेक्षा गाण्यालाच वाहून घेण्याचे ठरवले. एका गायकाचे आयुष्य नभोवाणीने असे वळवले, हे आकाशवाणीवरून सांगताना थोडा अभिमान वाटला तर श्रोत्यांनी तो क्षम्य मानावा.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस रघु दीक्षित आणि व्हायोलिनवादक एच. एन. भास्कर ह्यांनी ‘अंतराग्नी’ ही मंडळी सुरू केली. भास्कर हे कर्नाटक संगीताच्या तालमीतले. पुढे मोठमोठ्या गायकांचे साथीदार म्हणून त्यांचे नाव झाले. अंतराग्नीतील मौज ह्या जोडीत होती. गिटारचे ठोके पाश्चात्य, गळा उघडा आणि थोडा खडा, आणि त्याच्या बाजूने गमकांनी भरलेले व्हायोलिन. छावणी आणि पेठ ही बंगळूरची दोन्ही अंगे एका रंगमंचावर येऊन बसली होती. महाविद्यालयांचे उत्सव, स्पर्धा, खुले कार्यक्रम ह्यांतून मंडळीचे नाव गावात झाले. पण मंडळी म्हटली की प्रत्येकाचे पोट वेगळे आणि प्रत्येकाची वाटही वेगळी. २००५च्या सुमारास अंतराग्नी मोडली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. परदेशात जेव्हा नामांकित मंडळीतून एखादा बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या पाठीशी गाजलेल्या तबकड्या असतात, कंपनीशी करार असतो, मंडळीच्या नावावर आधीच खपलेली कीर्ती असते. अंतराग्नीची कीर्ती होती ती कार्यक्रमांतली. ज्यांनी समोर बसून ऐकले त्यांच्या कानांतली. नाव होते, श्रोते होते, गाणी होती. पण मोठ्या कंपनीची ध्वनिमुद्रिका पाठीशी नव्हती. तेव्हा मंडळी मोडताना वाटून घेण्यासारखे फारसे नव्हतेच, आणि जे होते ते हवेत विरून जाण्याची भीती मात्र पुरेपूर होती. मुद्रित न झालेल्या गाण्याचे आयुष्य गाणाऱ्याच्या उमेदीइतकेच असते. त्या वेळी रघु दीक्षित तिशीच्या पलीकडे गेले होते, शिकलेला व्यवसाय सोडून वर्षे लोटली होती आणि बरोबरचे वादक पांगले होते.

ध्वनिमुद्रिका कंपन्यांची दारे त्यांनी अनेक वर्षे ठोठावली आणि नकार घेतले. ह्यात कंपन्यांचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. आपल्या देशात गाणे खपते ते चित्रपटाच्या खांद्यावर बसून. नायक-नायिका ज्याला आहेत ते गाणे घराघरांत आपोआप पोहोचते. ज्याला नाहीत, त्याची जाहिरात कोणी करावयाची? १९९०च्या दशकात चित्रपटाबाहेरच्या हिंदी गाण्यांना दूरचित्रवाणीमुळे काही काळ बरे दिवस आले होते. तो बहर ह्या सुमारास ओसरला होता. त्यातून ह्या गायकाची गाणी काही हिंदी, काही कन्नड, एखाददुसरे इंग्रजी. दुकानदाराने ती ठेवावयाची तरी कोणत्या फळीवर? ध्वनिमुद्रिकेतील एका गाण्याचे नावच ‘मी मुंबईत एखाद्या चमत्काराची वाट पाहतो आहे’ अशा अर्थाचे आहे. चित्रपटसृष्टीच्या आशेने मुंबईस आलेल्या असंख्य कलावंतांना ह्या एका नावात आपले चरित्र सापडेल.

मुंबईने शेवटी वाट काढून दिली, तीही चित्रपटसृष्टीतल्याच माणसांच्या हातून. विशाल ददलानी आणि शेखर रावजियानी ही हिंदी चित्रपटांच्या संगीतकारांची जोडी. त्यांपैकी विशाल हे स्वतः पेंटाग्राम ह्या मुंबईच्या रॉक मंडळीचे गायक. मुंबईतल्या एका लहानशा कार्यक्रमात त्यांनी रघु दीक्षितांना ऐकले आणि जोडीने स्वतःची ‘काउंटर कल्चर रेकॉर्ड्‌स’ ही संस्था काढून २००८ साली ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. चित्रपटाच्या कमाईने चित्रपटाबाहेरच्या गाण्याला हात दिला, असा हा योग आहे.

आता नावाकडे पुन्हा पाहू. स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेवर गायक आपले नाव घालतो, ते समजते. पण रघु दीक्षितांनी नुसते आपले नाव घातले नाही. त्याला ‘प्रोजेक्ट’ असा शब्द जोडला. बंगळूरच्या संगणक-कचेऱ्यांतून हा शब्द दिवसातून शंभरदा उच्चारला जातो. काम आले की माणसे गोळा करावयाची, काम संपले की ती दुसऱ्या कामावर जातात. कामाची जबाबदारी मात्र एकाची असते. संगीतात त्यांनी हीच रीत आणली. ज्यांना यावयाचे त्यांनी यावे, वाजवावे, जमेल तितके दिवस राहावे. घर उघडे, पण घराची पाटी एकाच्या नावाची. मंडळी मोडल्याचे दुःख ज्याने एकदा सोसले आहे, त्याने केलेली ही तजवीज दिसते; पुन्हा कोणी निघून गेले तरी घर पडू नये. ह्यात शहाणपण आहे. मात्र ह्याची एक किंमत आहे. पाटी ज्याची, हिशेबही त्यालाच द्यावा लागतो. अंतराग्नीत एखादे गाणे फसले तर ते चौघांचे फसे. येथे ते रघु दीक्षितांचे फसणार. आणि सहवादक कितीही गुणी असला तरी श्रोते त्याला पाहुणाच समजणार. त्या वर्षांत त्यांच्याबरोबर रंगमंचावर गौरव वाझ ह्यांचे बास गिटार आणि विजय जोसेफ ह्यांची गिटार असे. ज्याने तो कार्यक्रम पाहिला आहे त्याला ही मंडळीच वाटली असणार. कागदावर मात्र तो ‘प्रोजेक्ट’ होता. म्हणजे एकट्याची म्हणून निघालेली ही ध्वनिमुद्रिका एकट्याची नव्हतीच, आणि पुढेही त्यांना एकट्याने गाणे साधले नाही किंवा साधावेसे वाटले नाही. मकार्टनी आणि रेमो ह्यांची वाट त्यांची नव्हे.

प्रत्यक्ष गाण्यांविषयी बोलावयाचे तर ‘हे भगवान’ हे हिंदी गाणे सर्वांत अधिक गाजले. आयुष्य पुन्हा एकदा जगावयास मिळावे, असे मागणे त्यात देवाजवळ केले आहे. चाल साधी, चटकन तोंडात बसणारी. आणि शब्दांतली कळकळ गायकाच्या त्या काळच्या परिस्थितीशी जुळणारी. ‘म्हैसूर से आयी’ ह्या गाण्यात खोडकर आनंद आहे. इंग्रजी प्रेमगीत मला त्या मानाने सामान्य वाटते. तसे गाणे गिटार घेऊन बसलेला जगातील कोणताही तरुण गाऊ शकला असता. ज्या गाण्यांमुळे ही ध्वनिमुद्रिका दुसऱ्या कोणाचीही असू शकली नसती, ती दोन कन्नड गाणी आहेत, आणि ती रघु दीक्षितांनी लिहिलेली नाहीत. ती संत शिशुनाळ शरीफ ह्यांची आहेत.

शरीफसाहेबांविषयी मराठी श्रोत्यांना सांगताना आपल्याच घरचे काही सांगत असल्यासारखे वाटते. १८१९ ते १८८९ हा त्यांचा काळ. गाव शिशुनाळ, आज ते हावेरी जिल्ह्यात आहे, पूर्वी धारवाड जिल्ह्यात होते, आणि हा सगळा मुलूख १९५६ पर्यंत मुंबई राज्यात आपल्याच शेजारी नांदत होता. केशवरावांनी जेथे आपली मंडळी उभारली ती हुबळी तेथून दूर नाही. मुसलमान घरात जन्मलेल्या शरीफांनी गोविंदभट्ट ह्या ब्राह्मणाला गुरू केले, आणि दोन्हीकडच्या लोकांची बोलणी खाल्ली. त्यांची पदे आपल्या नाथांच्या भारुडांच्या जातीची आहेत. वरून पाहावे तर रोजच्या संसारातली एखादी वस्तू, आत उतरावे तर अध्यात्म. ध्वनिमुद्रिकेतील ‘गुडुगुडिय सेदि नोडो’ ह्या पदाचा विषय गुडगुडी, म्हणजे हुक्का. हुक्क्याचे एकेक अंग घेऊन देह, मन आणि विकार ह्यांची रूपके त्यात बांधली आहेत; ओढणारा ओढीत बसतो आणि आपण काय जाळतो आहोत हे त्याला उमगू लागते. दुसरे पद ‘सोरुतिहुदु मनिय माळिगी’. त्यात घराचे छप्पर गळते आहे, ते अज्ञानामुळे गळते आहे, आणि अंधारात वर चढून ते सावरणारे कोणी नाही. पावसाळ्यात ज्याच्या घरात चार ठिकाणी भांडी मांडावी लागली आहेत, त्याला ह्या पदाचा वरचा अर्थ सांगावा लागत नाही. आणि त्यामुळेच आतला अर्थ सहज पोहोचतो.

ही पदे खेड्यांतून तोंडी चालत आली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सी. अश्वथ ह्यांनी आपल्या भरदार आवाजात ती गायिली आणि कर्नाटकातल्या शहरी घरांतून पोहोचवली. १९९० साली टी. एस. नागाभरण ह्यांनी शरीफांवर कन्नड चित्रपट काढला. तेव्हा रघु दीक्षितांनी ती शोधून काढली असे कोणी म्हणू नये. त्यांनी केले ते एवढेच, की विद्युत्‌गिटार आणि ड्रम ह्यांच्या तालावर ती उभी केली आणि त्यांच्या शब्दांना धक्का लावला नाही. ज्यांना कन्नड येत नाही अशी हजारो मुले ती पदे त्यांच्याबरोबर म्हणू लागली. मला ह्यात आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर सापडते. गाणे कोणाचे, ह्या प्रश्नावर मंडळ्या मोडतात, वकील लागतात. आणि ज्या ध्वनिमुद्रिकेने एका गायकाला स्वतःच्या नावावर उभे केले, तिच्यातील सर्वांत ठसठशीत गाणी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वारलेल्या एका फकिराची आहेत. त्या पदांची मालकी कोणी सांगितली नाही, म्हणूनच ती इतक्यांच्या गळ्यांतून फिरत येथवर आली.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. अंतराग्नीची जी ओळख, त्या दोन भिन्न तालमींचे समोरासमोर बसणे, ते येथे पातळ झाले आहे. व्हायोलिन आहे, पण ते गाण्याच्या शोभेला आहे. गाण्याशी वाद घालणारे व्हायोलिन नव्हे. मंडळीत दोघे बरोबरीचे असतात तेव्हा जी चुरस लागते, ती मालक आणि पाहुणा ह्यांच्यात लागत नाही. शिवाय तीन भाषा आणि निरनिराळ्या मनःस्थिती एकत्र आल्यामुळे काही ठिकाणी सांधे दिसतात. वर्षानुवर्षे साठलेली गाणी एकदम बाहेर काढली की असे व्हावयाचेच. हॅरिसन ह्यांच्या तीन तबकड्यांतही एवढे सगळे आवश्यक होते असे नाही.

नंतरची हकीकत थोडक्यात सांगतो. त्याच २००८ साली ‘सायको’ ह्या कन्नड चित्रपटाला रघु दीक्षितांनी संगीत दिले आणि त्यातील महादेश्वराच्या गाण्याने त्यांचे नाव कर्नाटकात घरोघर झाले. ध्वनिमुद्रिकेने जे तीन भाषांत साधले नव्हते ते चित्रपटाने एका गाण्यात साधले. कंपन्यांचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता म्हणावयाचा! २०१० मध्ये बी.बी.सी. दूरचित्रवाणीवरच्या जूल्स हॉलंड ह्यांच्या संगीताच्या कार्यक्रमात त्यांना बोलावणे आले. रंगीबेरंगी लुंगी, अनवाणी पाय आणि पायांत घुंगरू अशा वेशात ते उभे राहिले. कॉलेजात ज्या नाचावरून हिणवले गेले होते, त्याच नाचाचे हे घुंगरू. त्या कार्यक्रमानंतर ब्रिटनमधील आयट्यून्सच्या जागतिक संगीताच्या यादीत ही ध्वनिमुद्रिका पहिल्या क्रमांकावर गेली. २०११ साली साँगलाइन्स ह्या नियतकालिकाने त्यांना सर्वोत्तम नवागताचा पुरस्कार दिला. ‘नवागत’ तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. त्याच वर्षी ग्लॅस्टनबरीच्या प्रसिद्ध मेळाव्यात ते गायिले.

दुसरी ध्वनिमुद्रिका ‘जग चंगा’ ही २०१३ साली आली. तिच्यावर द रघु दीक्षित प्रोजेक्ट एवढीच पाटी होती. अंतराग्नी हे नाव त्यात आता उरले नव्हते.